कोणाचं नाव घेतलं

अकोला
गुरुवार, २० सप्टेंबर २०१८

आत्याबाई, पाया पडतो.

तुमचा गुडघा कसा हाये? झड लागली का दुखते तुमाले, म्हणून पहिले तेच इचारतो. मी इकडे बरी हाये. परवीनबाईच्या शिलाई दुकानाच्या मागं खोली हाये, तिथंच राहतो. पत्रा गळते, पण एकाच कोपऱ्यात, तिथं टोपलं ठेवतो. दिवसभर ब्लाऊजाले हुक लावतो, काजं करतो. परवीनबाई बोलाले कडक हाये, पण वेळेवर च्या देते.

चिठ्ठी बेबीताईजवळ देऊन राहिली. आशाताई म्हणून तिले घरोघर फिरा लागते, तिले कोणी अडवत नाई. किंजलचं वजन कराले येईन तवा मागच्या पडवीत बसून तुमाले वाचून दाखवीन म्हणे. माह्यं अक्षर वाकडंतिकडं हाये, आठवीतून शाया सुटली ते तुमाले माईतच हाये. फोन लावून पाह्यला होता. तुमच्या मोठ्या लेकानं, भासरेबुवानं, माह्या नंबर बंद करून टाकला वाटते.

किंजल जेवते का? वरणात तिखट पडलं का ती ताट सरकवते, हट्ट नाई करत, तिची जीभ जळते. झोपतानी तिले कान लागते धराले. तुमचा कान देजा. तुमच्या कानात बाळी हाये, ती ओढीन, सांभाळून.

भासरेबुवा तिले तान्ह्या पोळ्यासाठी घेऊन गेले. म्हणे, पोट्टीले गावात लाकडाचा बैल ओढू दे, मंग आणून देतो. मले वाटलं तुमच्या मोठ्या लेकाच्या मनात मया आली. म्या तिले नवा फ्रॉक घालून देला. पोळा फुटला, गणपती बसले, आता उठाले आले. पोट्टी आली नाई.

तुमी सारे कावून चिडले हा ते मले समजते. ती टीव्हीवरची 'झगमग जोडी'ची जाहिरात. त्याच्यात मी निळा झगा घालून त्या सिरीयलवाल्या अद्वैतच्या हातात हात देऊन उभी हाये. उखाणा घेतो अन् हासतो. नाव घ्याच्या वक्ताले चॅनलवाल्याइनं टाळ्या टाकून देल्या, तर नाव ऐकूच येत नाई, नुसतं 'रावाचं नाव घेतलं' येते, अन् लगेच त्या अद्वैतचं तोंड दाखवते. खाली मोठ्या अक्षरात, शकुनची नवी सुरुवात. बेबीताई सांगत होती, हापशीवर बाया म्हणून राहिल्या का परल्हादची बायको टीव्हीत गेली अन् हिरोच्या नावानं उखाणा घेऊन आली, वरीस नाई झालं अन् दुसरं केलं.

आत्याबाई, मी दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाई. येत्या रविवारी पुरा भाग दाखवणार हायेत. त्याच्यात नाव येईन. तुमी किंजलले मांडीवर घेऊन बसजा, भासरेबुवालेही बसवजा. नाव ऐकलं का साऱ्याइले समजीन. मंग सोमवारी मी तिले घ्याले येईन, दारातूनच घेऊन जाईन, आत नाई म्हटलं तर आत नाई येणार.

'झगमग जोडी' तुमाले काही नवी नाई. मले तर त्याचं सारं तुमच्यासंगच आठवते. पहिल्या वक्ताले मी सातवीत होती. तुमी दिवाळीले माहेरी आल्या होत्या. आमच्या घरी टीव्ही नव्हता, तर आपण गोदाबाईच्या ओट्यावर उभं राहून खिडकीतून पाह्यलं. सिनेमातले मोठे मोठे लोकं, ज्याइले नाचता येत नाई, अन् एकेकाच्या जोडीले नाच शिकलेली पोट्टी, नाई तर पोट्टा. सायेबलोकावानी एकमेकाइले धरून गोल गोल फिराचं. समोर तिघं जज बसत, ते पाट्या उचलत. ज्याले मतं कमी तो घरी. तुमी म्हटलं होतं, "हा का नाच होये वं? दोघं मिळून घर सारवून राहिले." गोदाबाई इतकी हासली का तिची कवळी ओटीत पडली. पण तुमी एक दिवस चुकवला नाई. एक म्हातारी नटी होती ना, गुडघ्याले पट्टा बांधून नाचत होती, तिची पाळी आली का तुमी खिडकीची सळई धरून ठेवत. तीच जिंकली. तुमी साऱ्याइले गूळ वाटला. माह्या बापानं म्हटलं, बहीण येडी झाली.

दुसऱ्या वक्ताले लोडशेडिंग होतं. शेवटच्या दिवशी दोन जोड्या समोर उभ्या, पाकीट फोडलं, अन् लाईन गेली. कोण जिंकलं ते दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूरच्या यष्टीच्या कंडक्टरनं सांगतलं, अन् तेही चुकीचं निघालं.

तिसऱ्या वक्ताले अमरावतीचा कबड्डीवाला घेतला, तवा तर सारं वऱ्हाड पाहाले लागलं. तो नाचतानीही मांडी ठोकत होता. फोनवरून मत द्याचं, तर ज्याच्याजवळ फोन त्याच्या दारात रांग. तरी मुंबईच्या पोरीनं त्याले हरवलं. लोकं म्हणत, आपल्या इकडचे मतं मोजलेच नसतीन. त्याच उन्हाळ्यात मी तुमच्या घरी सून होऊन आली.

तुमच्या लेकाले नाचाचं किती याड होतं ते तुमीच सांगाचं. फवारणीचा रिकामा पंप पाठीवर, अन् वावराच्या धुऱ्यावर एक पाय मागं, एक पाय पुढं. तुमी अंगणातून वरडत, "अरे परल्हाद्या, पंप ठेव खाली, मंग नाच." ते म्हणत, "माय, पंपच माह्यी जोडी हाये, शकुन तर हात देत नाई." मी लाजून घरात पळत होती. चौथ्या वक्ताले एक किंजल नावाची पोरगी जोडीले नाचत होती, तिचा पाय जमिनीले लागलेला समजे नाई. आपली पोट्टी झाली तवा त्याइनं तेच नाव ठेवलं. तुमाले गोदावरी ठेवाचं होतं.

पाचव्या वक्ताचं मी लिहत नाई.

यंदा चॅनलवाल्याइनं नवं काढलं. अमरावतीले येऊन एक भाग कराचा, त्याच्यात हिरोलोकाच्या जोडीले आमच्यासारख्या बाया. ज्याइचे माणसं फवारणीत गेले त्या. शिलाई मशीन देतो म्हणे. मी मशीनीसाठी गेली, आत्याबाई. हे भासरेबुवाले सांगजा. मशीनीसाठी.

रविवारी पाहजा. किंजलले म्हणजा, माय सोमवारी येते.

तुमची सून
शकुन

*

अकोला
बुधवार, २६ सप्टेंबर

आत्याबाई,

तुमी पाह्यलं असन. म्याही परवीनबाईच्या घरी पाह्यलं. नाव पुन्हा टाळ्यात गेलं. पुऱ्या भागातही तेच.

सोमवारी मी आली होती. बेबीताईनं तुमाले सांगतलं का नाई माईत नाई. मूर्तिजापूरवरून ऑटोनं आली, फाट्यावर उतरली. तिथून आपल्या घराची कौलं दिसते. फाट्यावरच्या पानटपरीवर चार जण बसले होते, त्यातला एक हात वर करून नाचाले लागला अन् बाकीचे माह्या उखाण्यातलं 'आता धुवा तोंड' म्हणून हासले. इतक्यात भासरेबुवाच्या फटफटीचा आवाज आला, खरंच त्याइची होती का दुसऱ्याची ते म्या पाह्यलं नाई, मी त्याच ऑटोत बसून परत आली. मले भेव वाटते, आत्याबाई. त्याइनं काही केलं नाई, तरी भेव वाटते. रात्री पत्र्यावर मांजर चढली तरी मी कडी पाहून येतो.

लुबना मॅडमले फोन केला. नाच बसवणाऱ्या त्याच होत्या. त्या म्हणे, "शकुन, एडिटिंग मेरे हाथ में नहीं रहता. उनको लगा ताली अच्छी लगेगी." म्या म्हटलं, मॅडम, माह्यी पोरगी नेली. त्या म्हणे, मी चॅनलशी बोलतो. दोन दिवस झाले.

तर आता मीच सांगतो तिथं काय झालं. बेबीताई, हे सावकाश वाचजो.

अमरावतीले एका मंगल कार्यालयात आमाले शिकवलं. मॅडम म्हणे, ह्या नाचात माणूस पुढं येते अन् बाई मागं जाते, मागं न पाहता. म्या म्हटलं, मॅडम, मागं न पाहता मी वावरातही जात नाई, विंचूकाटा असते. साऱ्या बाया हासल्या. मोर्शीची एक होती, ती म्हणे, मले तर पुढं पाहूनही भेव वाटते. उंच टाचेच्या जोड्यात माह्ये पाय जाईनात, टाचाइले भेगा हायेत ना. मॅडमनं सोताच्या हातानं तेल लावलं. अन् तो अद्वैत, सिरीयलमध्ये कलेक्टर होते तो, त्याले तर माह्याहून कमी येत होतं. तोंडातल्या तोंडात मोजत राही अन् मोजणं चुकलं का माह्या पायावर पाय. "सॉरी ताई, सॉरी ताई" म्हणे. म्या म्हटलं, बाप्पा, तुमी बोलू नका, तुमी मोजा.

शूटिंगच्या दिवशी त्याच्या पाठीवर पंप देला. नवा कोरा. मले कोणी पहिले सांगतलं नव्हतं. त्यातून धूर निघाचा होता अन् तो पडाचा होता, अन् म्या रडाचं होतं. मी त्या पंपाकडे पाहून वास येण्याची वाट पाहून राहिली. आत्याबाई, तो वास तुमाले माईत हाये, त्याइच्या सदऱ्याले किती धुतलं तरी येये. मी दम धरून उभी. धूर निघाला, गुलाबी. वास आलाच नाई. काहीच वास नाई. मले रडू कुठून येईन? तो अद्वैत पडाच्या ऐवजी धुरात चुकला अन् पुन्हा माह्या पायावर पाय देला, अन् माईक लावलेला असतानी म्हणे, "सॉरी ताई."

मी हासली. मोठ्यानं हासली. तेच तुमी पाह्यलं.

अन् मंग गाणं थांबलं नाई तर आमी नाचलो. तो पुढं आला, मी मागं गेली, मागं न पाहता. नीट झालं. सारा नाच चुकला अन् शेवटचा तेवढा नीट झाला. मले तवा काही आठवत नव्हतं, ना दवाखाना, ना तेरवी. मी लपवत नाई. मले बरं वाटलं.

मागल्या चिठ्ठीत म्या मशीनीसाठी गेली असं लिहलं. मशीन भेटली, परवीनबाईच्या दुकानात ठेवली हाये. पण नसती देली तरी मी गेली असती. आता पाचव्या वक्ताचं लिहा लागते.

तुमी तवा गावाले किंजलजवळ होत्या. त्या साली कपाशीची पराटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, फवारा वर मारा लागे अन् तो तोंडावर पडे. दवाखान्यात नेलं तवा त्याइले दिसणं बंद झालं होतं, ते तुमाले माईत हाये. वॉर्डात भिंतीवर टीव्ही होता. संध्याकाळी 'झगमग जोडी'चं वाजणं सुरू झालं तर ते म्हणे, "लागलं का वं? कोण हाये, सांग मले." मी सांगाले लागली. झगा लाल हाये. माणूस जाडा हाये. आता गोल फिरले. आता तो चुकला. चुकला म्हटलं का ते हासत. बाजूच्या खाटीवर दर्यापूरकडचा एक जण होता, त्यालेही फवारणीचंच झालं होतं. तो म्हणे, "बाई, जरा जोरानं सांग, मलेही दिसत नाई." मंग मी जोरानं सांगाले लागली. नर्सबाई दारात उभी राहून ऐके. जाहिरात लागली तरी मी नाचच सांगत होती. कार्यक्रम सरला तरी मी सांगत होती. मले वाटे, मी थांबली का ते इचारतीन, आता काय चालू हाये, अन् माह्याजवळ काही नसन.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते गेले. मी नुसतं तोंडानं नाचली होती, आत्याबाई. चॅनलवाले आले तवा मले पाहाचं होतं, जे मी त्याइले सांगे ते पायाले कसं लागते.

आता उखाण्याचं. नाच झाल्यावर ती सूत्रसंचालिका माह्याजवळ आली अन् म्हणे, "शकुनताई, तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा सगळ्यांना." मी जन्मात त्याइचं नाव तसं घेतलं नाई. तुमच्यासमोर नाई, दवाखान्याच्या कागदावरही बेबीताईनं लिहून देलं. ती म्हणे, "सांगा ना, लाजू नका." सारे लाईट माह्यावर. तोंड उघडलं तर त्या नावापाशी जाणारा एकच रस्ता माह्या जिभेले माईत होता, तोच आला:

पराटीले आलं फूल, फुलाचं झालं बोंड,
परल्हादरावाचं नाव घेतलं, आता धुवा तोंड.

लोकं हासले, टाळ्या वाजल्या. मीही हासली, कावून का मले तुमचा उंबरठा आठवला. लग्न लागून आली तवा बायाइनं मले दारात अडवलं, नाव घे म्हणे. घोकलेला उखाणा मी इसरली. मागं पंगत बसाची होती, लोकं भुकेले. तुमी माह्या कानात हा सांगतला. तुमीच तितक्यात बनवला असन, दुसऱ्या कोणाच्या तोंडून म्या कधी ऐकला नाई. मी म्हटला अन् सारे हासले, अन् ते इतके लाजले का टोपी डोयावर ओढली. बाकीच्या बायाइले आठवत नसन, त्याइले जेवाची घाई होती. तुमाले आठवते.

माह्यं एवढंच मागणं हाये. भासरेबुवाले तुमी सांगा का, 'तो उखाणा माह्या परल्हादचा हाये, म्याच सुनेले सांगतला होता.' माह्यं ते ऐकत नाई. मायचं ऐकतीन. एकदा सांगा अन् किंजलले पाठवा.

निरोप बेबीताईजवळ देजा.

शकुन

*

अकोला
सोमवार, १५ ऑक्टोबर

आत्याबाई,

बेबीताईनं तुमचा निरोप आणला. तिनं खाली पाहून सांगतला. "तिले सांग, मले तसं काही आठवत नाई."

म्या तिले पुन्हा इचारलं, तशाच बोलल्या का? ती म्हणे, हो, किंजलची येणी घालत होत्या, हात थांबले नाई, तसंच बोलल्या. म्या इचारलं, भासरेबुवा होते का? ती म्हणे, "नत्थुजी आंगणात बैलाले पाणी पाजत होते." म्या इचारलं, किंजल माह्यं नाव काढते का? ती म्हणे, काढते. मंग चप्पल घालतानी म्हणे, "पहिले जास्त काढत होती."

मले तुमचा लय राग आला. ते लिहून ठेवतो. तीन-चार दिवस मी तुमाले मनात काहीबाही बोलली. परवीनबाई म्हणे, "हुक उलटे लगा रही है तू."

मंग शुक्रवारी भासरेबुवा दुकानावर आले. परवीनबाई म्हणे, "लेडीज की दुकान है भाऊ, बाहर से बोलो." ते पायरीवर उभं राहून बोलले. म्या मशीनीचं चाक धरून ठेवलं. म्या म्हटलं, "देवाशपथ सांगतो, नाव त्याइचंच होतं. तुमच्या भावाचं. दुसऱ्या कोणाचं नाई."

त्याइनं माह्याकडे पाह्यलं. मले वाटलं, आता समजलं.

ते म्हणे, "मंग तर आणखीन वाईट. मेलेल्याचं नाव हासत घेतलं तुनं? झगा घालून? परक्याच्या हातात हात देऊन? हिरोचं घेतलं असतं तर लोकं चार दिवस बोलले असते अन् चूप बसले असते, गेली म्हणले असते."

मी इतके दिवस एकच गोष्ट घेऊन बसली होती का नाव समजलं का सारं मिटीन.

तवा मले तुमचा निरोप समजला, आत्या. तुले आठवते. तुले पहिल्या दिवसापासून आठवते. तू हो म्हटलं असतं तर त्याइनं हेच तुह्याजवळ म्हटलं असतं, अन् मंग किंजल मले कधीच भेटली नसती. का तू भेली? तुले त्याइच्याच घरी राहाचं हाये, त्याइच्याच हातून दवा घ्याची हाये. दोन्हीतलं काय ते मी इचारत नाई. मीही फाट्यावरून परत आली होती.

त्याइनं सांगतलं ते असं हाये. येत्या शुक्रवारी तुह्या लेकाची वरशी हाये, जेवाले सारं गाव येईन. पंगत बसाच्या आधी म्या पारावर उभं राहाचं अन् म्हणाचं का मी कोणाचंच नाव घेतलं नाई. उखाणा टीव्हीवाल्याइनं दुसऱ्या बाईच्या आवाजात भरला. हासणंही माह्यं नाई, त्याइनं मशीनीत जोडलं. मले काही पाजलं होतं, मले शुद्ध नव्हती. एवढं म्हटलं का किंजल माह्या जवळ. पण अकोला सोडाचं, घरातच राहाचं, वावरात कामाले यायचं, अन् पुन्हा टीव्हीचं नाव नाई.

परवीनबाई म्हणे, "पोलीस में जाते, मैं आती साथ में." मी तिच्यासंग रस्त्यापर्यंत गेली. मंग वाटलं, पोलीस घरी आले तर किंजल कोणाच्या मागं लपीन? माह्या का मोठ्या जावेच्या? मले माईत नाई, म्हणून मी परत आली. मशीन परवीनबाई ठेवून घेणार हाये. म्हणे, तुह्या नावानंच ठेवतो. आणू म्हटलं तर भासरेबुवाले चालणार नाई.

मॅडमचा फोन आला होता. त्या म्हणे, चॅनल म्हणते तुझा भाग लोकाइले लय आवडला, पुढच्या वेळेस सुरुवातीलेच दाखवणार हायेत. म्या म्हटलं, बरं. माह्यी शुद्ध गेली होती, मले काही पाजलं होतं, असं मी गावात म्हणणार हाये, ते म्या त्याइले सांगतलं नाई. त्याइनं माह्या टाचाइले तेल लावलं होतं.

मी म्हणणार हाये, आत्या. सारं म्हणीन. शब्द पाठ करून राहिली. माह्या तोंडून ते कसं निघते ते मले माईत नाई, पण निघीन. पारावर उभी राहीन, पदर घेईन, जे सांगतलं ते तसंच्या तसं म्हणीन, का त्याइचं नाव माह्या तोंडी आलंच नाई अन् मी हासलीच नाई. तू बायाइत बसली असशीन. तुह्याकडे मी पाहणार नाई, तूही माह्याकडे पाहू नको.

फक्त एक कर. सून म्हणून नाई मांगत, भावाची पोरगी म्हणून मांगतो. शुक्रवारी सकाळीच किंजलले बेबीताईच्या घरी नेऊन ठेवजो. काही बहाणा कर, तिले खोकला हाये म्हण, गर्दी नको म्हण. पंगती उठल्या, भांडे घासले, लोकं घरी गेले, मंग आणजो. ती तीन वर्षाची हाये, तिले काही समजणार नाई असं तू म्हणशीन. तिच्या बापाले दिसत नव्हतं तरी त्याइले माह्यं सारं समजत होतं.

तिच्यासमोर मले ते म्हणता येणार नाई, अन् म्हणता नाई आलं तर ती मले भेटणार नाई.

गुरुवारी संध्याकाळच्या यष्टीनं येतो. दार लावून घेऊ नको.

तुह्यी
शकुन